झेड ६२० : दुसरा प्रोसेसर बोर्ड जोडावा की आहे तोच प्रोसेसर बदलावा?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या एखाद्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय-साचे बनवणाऱ्या कारखान्यात, २०१२च्या पिढीचे एचपी झेड ६२० वर्कस्टेशन अजून चालू असेल आणि ते संथ वाटू लागले असेल, तर मालकापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे दुसरा प्रोसेसर बसवण्याचा वेगळा बोर्ड, अर्थात रायझर घेणे. दुसरा म्हणजे मूळ बोर्डावरचा प्रोसेसर काढून अधिक वेगवान बसवणे.

रायझरवर दुसरा प्रोसेसर, त्याचा स्वतंत्र पंखा आणि मेमरीच्या चार जागा असतात. मूळ बोर्डावरच्या आठ धरून एकूण बारा होतात. ई५-२६७० प्रोसेसरची जोडी केली की आठाचे सोळा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणनाभाग) होतात, आणि रात्री लावून ठेवलेले रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करण्याचे काम, पुष्कळ लवकर आटोपते. मात्र दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत, आणि यंत्रात ई५-१६०० मालिकेचा प्रोसेसर असेल तर तो जोडीने चालतच नाही.

डायचे मॉडेल बनवण्याचे काम मात्र निराळे आहे. सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा भाग रिबिल्ड होत असताना, म्हणजे बदलानंतर पुन्हा घडवला जात असताना, मी टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसरचा एकूण वापर जेमतेम सहा-सात टक्के होता. म्हणजे आठ कोअरच्या सोळा थ्रेडपैकी (प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामे हाताळतो) एकच राबत होता आणि बाकीचे हातावर हात ठेवून बसले होते. अशा ठिकाणी रायझरवर खर्च करणे मला व्यर्थ वाटते. तिथे ई५-२६६७ व्ही२ (व्ही२ म्हणजे पुढची पिढी) उजवा ठरतो, कारण कोअर आठच असले तरी त्याचा टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढणारा कमाल वेग ४.० गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो, तर २६७०चा ३.३ वर थांबतो.

पण व्ही२ घेण्यापूर्वी बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बूट ब्लॉकची, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या कायम भागाची, तारीख पाहावी. ती २०१३ची असेल तरच व्ही२ चालतो. २०११ची असेल तर नाही, आणि बायोस अपडेट करूनही ती तारीख बदलत नाही. सॉकेट तोच आहे एवढ्या भरवशावर मी चिप आणली, यंत्र सुरूच होईना, आणि ती चिप आजही माझ्या खणात पडून आहे. २०११चा बोर्ड असणाऱ्यांनी म्हणूनच रेंडरिंगपुरता रायझर घ्यावा, नाहीतर पैसे राखून ठेवावेत.

राखून अशासाठी की दोन्ही मार्गांनी एव्हीएक्स२ (काही नव्या सॉफ्टवेअरना लागणारा प्रोसेसरचा सूचनासंच) मिळत नाही आणि विंडोज ११चा अधिकृत पाठिंबाही नाही. विंडोज १०चा तर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तुमच्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती यांपैकी काही मागत असेल, तर ही रक्कम नव्या यंत्राच्या खात्यात टाकणेच शहाणपणाचे.