पुण्याची हगादा, नाशकातलं बाइंडिंग

आमच्या घरी पेसाख या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हगादा, म्हणजे त्या रात्रीच्या कथेचं आणि प्रार्थनांचं पुस्तक, बरीच वर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्सवर चालली होती. हिब्रू अक्षरांखालचे स्वरांचे ठिपके पार पुसलेले. यंदा पुण्याला १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगादाचं चांगलं स्कॅन मिळालं. पेनड्राइव्ह घेऊन मेन रोडच्या मागच्या गल्लीतलं प्रिंटिंग-बाइंडिंगचं दुकान गाठलं.

हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्यात मराठी मजकूर मात्र डावीकडून उजवीकडे जातो. मराठीकडे बघून पुस्तक नेहमीसारखं बांधलं असतं, तर सगळी पानं उलट्या क्रमाने आली असती. दुकानातल्या काकांनी आधी कोऱ्या कागदांची डमी केली, प्रत्येक पानावर पेन्सिलीने आकडा टाकला आणि माझ्याकडून तपासून घेतली. मगच छपाई. गम-बाइंडिंग स्वस्त पडतं, तरी त्यांनी स्वतःहून दोऱ्याची शिवण सुचवली, कारण वाचताना हे पुस्तक ताटाशेजारी सपाट उघडं राहायला हवं. कागद १०० जीएसएम, नॅचरल शेड. पांढराशुभ्र घेऊ नका, जुन्या छपाईचे डाग त्यावर फार उठून दिसतात.

सुरुवातीच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. आमच्या आज्या अशाच बसायच्या. युरोपातल्या हगादांमध्ये ही बैठक सापडायची नाही. साडीच्या बारीक रेघा सुट्या-सुट्या उमटल्यात, ठिपकेही शाबूत आहेत. पहिली प्रत हातात घेतली आणि डोळे भरून आले.

तक्रार एकच, पण मोठी. शिवणीकडे समास कमी सोडला, त्यामुळे काही पानांवर मराठी ओळींची टोकं आत गेली. सांगितल्यावर ती पानं बिनपैशांनी पुन्हा छापून दिली; पण शिवण झालेली असल्यामुळे ती चिकटवावी लागली आणि तिथे पुस्तक जरा फुगतं. म्हणून काम टाकताना शिवणीकडे पाऊण इंच तरी समास सोडा, हे लिहूनच द्या.

कापडी पुठ्ठ्यासह प्रतीला साडेसहाशे रुपये पडले, वेळ आठवडाभर. कामाच्या मानाने दर रास्त आहे. मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघालेल्या मराठी हगादाची पानं जमवतोय. ती पुरी झाली की याच काकांकडे देणार.