कॅनमधल्या ‘बिनइथेनॉल’ पेट्रोलची गोष्ट

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातील आठवडी बाजारांत कॅनमधून ‘इथेनॉल नसलेले पेट्रोल’ विकणारा एक माणूस फिरतो, आणि राजदूत, येझदी, आरएक्स १०० किंवा जुनी बुलेट जपणारे लोक हेच त्याचे गिऱ्हाईक आहे. त्याच्याकडून मी पावसाळ्याच्या तोंडावर वडिलांच्या राजदूतसाठी एक कॅन घेतली आणि पोळ्याच्या बाजाराला निघालो असता वाटेतच इंजिन जाम झाले. पैसे गेले ते गेलेच. परंतु तो माणूस ज्या पद्धतीने खात्री पटवतो, ती इतरांना ठाऊक असावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कॉकचे वॉशर व कार्बोरेटरचे भाग यांबद्दलची काळजी वाढली. ही काळजी खोटी नाही, आणि तिच्यावरच याचा धंदा चालतो. तेल कंपनीच्या डेपोत इथेनॉल मिसळण्यापूर्वीच टँकरमधून काढलेला हा माल आहे असे सांगून तो लिटरमागे पंपाच्या दराहून ५० रुपये जास्त घेतो. वास्तविक मिसळण्याचे काम डेपोच्या आतच होते आणि पंपाकडे निघणारा टँकर मिश्रण घेऊनच बाहेर पडतो.

पुरावा म्हणून तो दोन गोष्टी करून दाखवतो. फिल्टर पेपरवर थेंब टाकून तो उडून जाऊ देतो आणि म्हणतो, “कागदावर डाग रायला का काकाजी? मंग इथेनॉल कुठून असन यात!” त्यानंतर हायड्रोमीटर बुडवून घनता दाखवतो. दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत, पंपावरही त्या मागता येतात, मात्र त्यांचा इथेनॉलशी काही संबंध नाही. फिल्टर पेपरवर रॉकेल-डिझेलसारखी जड भेसळ किंवा घाण उघडी पडते. इथेनॉल पेट्रोलसारखेच उडून जाते आणि डाग सोडत नाही. घनतेचेही तसेच आहे. पेट्रोलची मान्य घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो असते आणि इथेनॉलची ७९० च्या आसपास. त्यामुळे २० टक्के मिश्रण त्याच मर्यादेत सहज बसते. खऱ्या चाचणीतून खोटा निष्कर्ष काढून दाखवण्याची त्याची ही हुशारी मानावी लागेल.

मिस्त्रीने टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवले तेव्हा त्यात दोन थर स्पष्ट दिसले: वर टू-टी ऑइलचा (पेट्रोलमध्ये मिसळायच्या वंगणाचा) हिरवट रंग असलेले पेट्रोल आणि तळाशी गढूळ, जवळजवळ बिनरंगी द्रव. काळ्या मातीच्या रस्त्यांमुळे आमची राजदूत पावसाळाभर पडवीतच उभी असते. टाकीच्या झाकणातून झिरपलेले पाणी इथेनॉलने शोषले, आणि मर्यादेपलीकडे पाणी झाल्यावर दोन्ही मिळून खाली बसले. साधे पाणी असते तर गाडी लगेच बंद पडली असती. हा थर मात्र पेटतो, गाडी अडखळत का होईना चालते, पण त्यात ऑइल उतरत नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे पिस्टन कोरडा घासून पकडला गेला.

कॅनमध्ये उरलेल्या, ऑइल न मिसळलेल्या पेट्रोलची चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेच्या मोजपात्रात केली. १०० मिलिलिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर पाणी घालून हलवायचे आणि विस्तवापासून दूर, मोकळ्या जागी थोडा वेळ स्थिर ठेवायचे. इथेनॉल नसेल तर तळातले पाणी २० च्या खुणेवरच राहते. आमची रेषा जवळजवळ ४० वर गेली; म्हणजे पंपावरचेच पेट्रोल ५० रुपये चढवून विकलेले होते. कोणी कॅन घेऊन आलाच तर पैसे देण्यापूर्वी ही चाचणी त्याच्यासमोर करावी. तो ती करू देणार नाही, असा माझा अंदाज आहे.

पुढच्या बाजारात जाब विचारला, तर पावती कुठे आहे असा उलट प्रश्न आला. पावती नसणारच, कारण १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगण्याची जी मुभा आहे, ती विक्रीसाठी नसलेल्या पेट्रोलपुरतीच आहे. मोठ्या शहरांतील निवडक पंपांवर मिळणारे १०० ऑक्टेनचे पेट्रोल (ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न येऊ देता जळण्याची क्षमता) इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते, पण ते बरेच महाग आहे आणि आमच्या तालुक्यात मिळत नाही. आता मिस्त्रीच्या सल्ल्याने इथेनॉलला टिकणारे पाइप बसवले आहेत, झाकणाचा वॉशर बदलला आहे आणि गाडी उभी करण्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करतो.

अलीकडे तोच माणूस ‘इथेनॉल काढणारे औषध’ म्हणून एक छोटी बाटली विकत असल्याचे ऐकले. टाकीत थोडेसे औषध टाकून पेट्रोलमधले २० टक्के इथेनॉल नाहीसे होत नाही. पाण्याने धुऊन ते वेगळे करता येते खरे, पण मग पेट्रोलचे ऑक्टेन घटते आणि धुतल्यानंतर पाण्याचा अंश त्यात राहतो, म्हणून तीही बाटली घेऊ नये.