जे आणि क्यू एकाच शब्दात: डिक्शनरी, वेबसाइट की एक्सेल?

सोलापूरच्या पूर्व भागात दर रविवारी आम्ही मुलांचा इंग्रजी शब्दांचा खेळ घेतो. फळ्यावर दोन-तीन अक्षरं लिहायची आणि ती सगळी ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द शोधायचा. परवा जे आणि क्यू लिहिलं, तर बराच वेळ कुणाला काही सुचेना. आणि एक उत्तर होतं चादरीवर नक्षी उठवणारं जकार्ड! १८०४ सालचं हे फ्रेंच यंत्र इथल्या कितीतरी मुलांनी घरी-शेजारी पाहिलेलं. पण त्याच्या स्पेलिंगमधला 'सी'नंतरचा क्यू कानाला कळतच नाही.

असा खेळ घेणार असाल तर आधी एक ठरवा. दिलेली अक्षरं शब्दात 'असायला हवीत', की शब्द 'फक्त त्याच अक्षरांचा' हवा? पुष्कळ वेबसाइट दुसऱ्या प्रकारासाठी असतात. तिथे जे आणि क्यू टाकलं तर जकार्ड कधीच येणार नाही.

छापील डिक्शनरी मला आजही प्रिय आहे. इंग्रजीत जेपासून सुरू होणारे शब्द थोडे, म्हणून ती पानं मुलं हौसेने चाळतात. त्यातच एका मुलीला जॉन्क्विल सापडला, पिवळ्या फुलांचं एक झाड. शब्दासोबत अर्थही मिळाला, हे मोठंच. पण अक्षरं शब्दाच्या पोटात दडलेली असली की डिक्शनरी चाळणं व्यर्थ.

वेबसाइट झटपट उत्तर देते, मोबाइलवर चालते. मात्र काही ठिकाणी दोन अक्षरं एकत्र टाकली की ती शेजारीशेजारीच शोधली जातात. शिवाय यादी स्क्रॅबल या पटावरच्या शब्दखेळाची असेल तर ती १५ अक्षरांवर थांबते, कारण त्या पटावर एका ओळीत घरंच १५. इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी हा १९ अक्षरी शब्द तिथे मिळायचा नाही.

दर आठवड्याला कोडी काढायची असतील तर माझं मत एक्सेलला. इंटरनेटवरून मोफत शब्दयादी एकदाच उतरवून घ्या, एका ओळीत एक शब्द. शेजारच्या रकान्यात लेन फॉर्म्युला लावला की शब्दाची लांबी येते, मग मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावायचा. फिल्टरमध्ये 'कंटेन्स' निवडून जे, मग 'अँड', मग क्यू. दोन झेड हवे असतील तर त्यांच्या मध्ये तारांकन (*) टाका, क्विझिकलसारखे शब्द लगेच मिळतात. या फिल्टरमध्ये दोनच अटी बसतात, म्हणून तिसऱ्या अक्षरासाठी सर्च फॉर्म्युल्याचा एक रकाना वाढवावा लागतो. एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही हे जमेल. नंतर नेट नसलं तरी अडत नाही. संगणकावर लिनक्स असेल तर ग्रेप या शोधायच्या कमांडने हेच काम एका ओळीत होतं: आधी जेची चाळण, त्यातून आलेल्यांना क्यूची. उणीव एवढीच, की यादीत अर्थ नसतो आणि कधी कुणी न वापरणारे शब्दही वर येतात.

एआय चॅटबॉटला विचारायचा मोह होईल. तो शब्द तुकड्यातुकड्यांनी वाचतो, म्हणून अक्षरांच्या बाबतीत चुकतो, आणि तेही ठामपणे. तिथून आलेल्या शब्दाचं एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. मी तर तो डिक्शनरीत सापडल्याशिवाय फळ्यावर लिहीत नाही.