४के १२० हर्ट्झ टीव्ही: साधा एचडीएमआय की टाइप-सी अडॅप्टर?

लॅपटॉप नव्या टीव्हीला लावला तर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं) वर काही दिसेचना, आधी मी केबललाच शिव्या घातल्या. खरी गोची लॅपटॉपच्या पोर्टची, एचडीएमआय २.० म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट डेटा, ४के फुल कलरमध्ये ६० वरच त्याचा दम संपतो. १२० हवंच तर रिझोल्यूशन ४के वरून १४४०पी वर आणा नाहीतर ४:२:० (रंगाची माहिती कमी करून पाठवणं) घ्या, पण मग एक्सेलमधली बारीक लाल अक्षरं अशी फुटतात की डोळे चोळत बसायचं.

टाइप-सी टू एचडीएमआय २.१ अडॅप्टरचं तसं नाही, लॅपटॉपच्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट १.४ (चित्र पाठवायची पद्धत) आणि डीएससी (चित्राचा डेटा दाबून पाठवणं) असेल तर ४के १२० फुल कलरमध्ये मिळतं, फक्त व्हीआरआर (फ्रेमप्रमाणे टीव्हीचे हर्ट्झ बदलणं) बऱ्याचदा गंडतं. नुसते पिक्चर बघायचे असतील तर कशाला खर्च, ते बहुतेक २४ फ्रेमचेच. आणि हो, टीव्हीत ज्या एचडीएमआय पोर्टला जोडलंय त्याचा एन्हान्स्ड मोड चालू करा, मी विसरलो आणि अडॅप्टर परत करायला निघालो होतो.