स्क्रीनशॉटची सूचना हवी, की स्क्रीनशॉटच अडलेला बरा?

धाकट्या बहिणीसाठी स्थळं पाहायला लागलो, त्याच्या पहिल्याच महिन्यात तिचा बायोडेटा कुठल्याशा वधू-वर गटातून फिरत आमच्याच मामींच्या फोनवर आला. त्या गटात आम्ही तो कधी टाकलाच नव्हता. खाली माझा मोबाईल नंबर, वर तिचा पैठणीतला फोटो. तिने तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "दादा, हा आता कुणाकुणाकडे असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर फोटो कसा आणि कशावरून पाठवायचा, हे मी नीट बसून ठरवलं. आता चुलतबहिणीच्या वेळी काकू मला तेच विचारतायत. इतरही घरांत हा प्रश्न असणार, म्हणून लिहितो.

कुठलं ॲप चांगलं हा वाद मी बाजूला ठेवला. खरी निवड दोन पद्धतींमधली आहे. एका पद्धतीत समोरच्याने स्क्रीनशॉट काढला की ॲप तुम्हाला कळवतं. स्नॅपचॅट 2011 साली आलं आणि ही सवय लोकांना त्यानेच लावली. दुसऱ्या पद्धतीत स्क्रीनशॉट निघतच नाही. व्हॉट्सॲपचं व्ह्यू वन्स, म्हणजे एकदा पाहिला की मिटणारा फोटो, आज असं आहे. ते 2021 च्या ऑगस्टमध्ये आलं तेव्हा स्क्रीनशॉट बिनदिक्कत काढता यायचा. तो अडवण्याची घोषणा वर्षभराने, 2022 मध्ये झाली. टेलिग्राम या मेसेजिंग ॲपची सीक्रेट चॅट या दोहोंच्या मध्ये बसते. अँड्रॉइडवर ती स्क्रीनशॉट अडवते, आयफोनवर फक्त कळवते.

हा फरक फोनमुळे पडतो. अँड्रॉइडवर ॲपला एखादा पडदा सुरक्षित म्हणून जाहीर करता येतो, मग फोन स्वतःच स्क्रीनशॉट काढू देत नाही. आयफोनवर साध्या मार्गाने ॲपला कळतं ते स्क्रीनशॉट काढून झाल्यावर, आणि तेही 2013 च्या आयओएस 7 या आयफोनच्या प्रणालीपासून. त्याआधीच्या आयफोनवर स्नॅपचॅटची सूचना सहज चुकवता येत होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, 2014 साली स्नॅपचॅटविरुद्ध जी तक्रार केली, तिच्यात हा मुद्दा होता.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करतो, कारण आमच्या घरातही तो होता. इन्स्टाग्रामवर स्टोरीचा स्क्रीनशॉट काढला तर समोरच्याला कळतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. 2018 च्या सुरुवातीला त्यांनी काही महिने ते करून पाहिलं आणि सोडून दिलं. पोस्ट, रील, स्टोरी, नेहमीचे मेसेज, यातल्या कशाचीच सूचना जात नाही. जायची ती फक्त मेसेजमधून पाठवलेल्या, पाहिल्यावर नाहीशा होणाऱ्या फोटोंची आणि व्हॅनिश मोडमधली, म्हणजे वाचून झाल्यावर पुसल्या जाणाऱ्या मेसेजांची. व्हॉट्सॲपच्या स्टेटसचीही सूचना येत नाही. बहिणीने साखरपुड्याआधी स्टेटसला फोटो ठेवू नये असं मी सांगत होतो ते याच कारणाने. डीपीचा स्क्रीनशॉट मात्र व्हॉट्सॲप 2024 पासून अडवू लागलं आहे. स्थळ आलं की लोक आधी डीपी उघडतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना तो बदल मोलाचा वाटला.

आता माझा निर्णय कशामुळे झाला, ते सांगतो.

सांगलीचं एक स्थळ आलं होतं. मुलाची बहीण आणि आमची बहीण आपसात बोलू लागल्या होत्या, आणि त्या दोघींचं बोलणं सूचना देणाऱ्या एका ॲपवर चालायचं. मलाही ते सोयीचं वाटलं. कुणी फोटो ठेवून घेतलाच तर निदान कळेल, असा माझा हिशोब होता. बहिणीने दोन फोटो पाठवले. रात्री साडेअकराच्या सुमारास सूचना आली: स्क्रीनशॉट काढला.

त्या एका ओळीने घर जागं राहिलं. कुणाला पाठवायला काढला असेल? परत एखाद्या गटात जाईल का? बहीण म्हणाली, "विचारू का त्यांना?" आई म्हणाली, "विचारलंस तर संशय घेतल्यासारखं होईल, आणि अजून तर बोलणीही सुरू नाहीत." आईचं खरं होतं. पण न विचारता राहणंही जमेना. चार दिवस बहिणीने तिकडच्या एकाही मेसेजला मोकळेपणाने उत्तर दिलं नाही, आणि तिकडे त्यांना वाटलं की मुलीला स्थळ पसंत नाही. बघण्याच्या कार्यक्रमाला मुलाची बहीण आपणहून म्हणाली, "आजीला दाखवायला मी तुमचा फोटो काढून ठेवला होता, तिच्याकडे फोन नाही ना." एवढंच होतं.

यात चूक कुणाचीच नाही. ॲपने त्याचं काम केलं, मुलाच्या बहिणीनेही वावगं काही केलं नाही. पण सूचना येते तेव्हा फोटो गेलेला असतो. तो गेला एवढंच ती सांगते, कशासाठी गेला ते सांगत नाही. आणि पुढचं सगळं, म्हणजे विचारायचं की गप्प बसायचं, कुठल्या शब्दांत विचारायचं, वाईटपणा कुणी घ्यायचा, हे ज्याचा फोटो आहे त्याच्याच गळ्यात पडतं. मुलीकडच्यांनी विचारणं आपल्याकडे किती अवघड असतं, ते वेगळं सांगायला नको.

पुढच्या स्थळांना मी व्ह्यू वन्सने फोटो पाठवले. त्रास त्यातही आहे. एका घरी आजोबांनी चष्मा लावेपर्यंत फोटो मिटला. दुसऱ्या ठिकाणी मुलाने तो ऑफिसात उघडला आणि आई-वडिलांना दाखवायचा राहिला. चौदा दिवसांत उघडला नाही तर तो आपोआप जातो, आणि एका कुटुंबाचं नेमकं तेच झालं, कारण त्यांच्याकडे सुतक होतं. प्रत्येक वेळी मला पुन्हा पाठवावा लागला. दर वेळी पाठवताना तो छोटा एकचा आकडा दाबायची आठवण ठेवावी लागते. ती विसरली तर फोटो साधाच जातो.

तरीही हा त्रास मला चालतो. आजोबांना फोटो परत पाहायचा होता, तेव्हा त्यांच्या सुनेचा फोन आला: "दादा, जरा पुन्हा पाठवता का, बाबांचा बघायचा राहिला." मी लगेच पाठवला. मागायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि द्यायचा की नाही हे आमच्या हातात होतं. त्या फोनवर आमचं पाच मिनिटं बोलणंही झालं, माणसं कशी आहेत ते कळलं. आधीच्या प्रसंगात मी रात्रभर ज्यावर विचार करत बसलो होतो, ते इथे एका साध्या विनंतीत आटोपलं. बहिणीलाही त्यातच हायसं वाटलं. फोटो कुठे आहे, हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

सूचनेची पद्धत कामाची नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांचं एकमेकांशी रोजचं बोलणं आहे, जिथे "अगं, का काढलास?" हे बेधडक विचारता येतं, तिथे ती पुरेशी आहे, कदाचित बरीही. आपलं कृत्य समोरच्याला कळणार या जाणिवेनेच माणूस थांबतो. माझी पुतणी कॉलेजात आहे, तिच्या मैत्रिणींमध्ये या सूचनेचा खरोखर धाक आहे असं ती सांगते, आणि मला ते पटतं. ज्यांची अजून ओळखच व्हायची आहे अशा दोन घरांमध्ये तो धाक चालत नाही, एवढाच माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकेल. पण खुद्द इन्स्टाग्रामने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एकदाच पाहायच्या फोटोंचा स्क्रीनशॉट अडवणार असं जाहीर केलं, तेव्हा नुसतं कळवणं पुरत नाही हे त्यांनाही जाणवलं असावं असं मला वाटलं.

अडवण्यालाही मर्यादा आहे, ती काकूंना मी आधीच सांगितली आहे. दुसऱ्या फोनने समोरच्या पडद्याचा फोटो घेतला तर कुठलंच ॲप काही करू शकत नाही, आणि त्याची सूचनाही येत नाही. म्हणून जो फोटो बाहेर गेला तर मुलीला खरोखर त्रास होईल, तो कुठल्याच पद्धतीने पाठवू नये. 2025 च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने चॅटसाठी ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी नावाची सोय आणली. त्याने चॅट बाहेर काढता येत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत, पण साधा स्क्रीनशॉट त्यानेही थांबत नाही. ती चालू ठेवावी, पण तिच्या भरवशावर राहू नये.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र एका साध्या गोष्टीचा. बायोडेटाच्या पीडीएफमध्ये फोटो घालणं आम्ही बंद केलं. पीडीएफ फिरणारच, गटांमधून, मध्यस्थांकडून, नातेवाइकांच्या नातेवाइकांकडून; ती फिरायलाच बनवलेली असते. तिच्यात शिक्षण, नोकरी, मामाकुळ आणि माझा नंबर असतो. फोटो हवा असेल तर फोन करा, अशी ओळ खाली लिहिली. पहिल्यांदा आत्याला ते रुचलं नाही, फोटोशिवाय स्थळं येणार नाहीत असं तिला वाटलं. थोडी कमी आली असतीलही. पण ज्यांनी फोन केला ते खरंच विचारपूस करणारे होते.

चुलतबहिणीचा बायोडेटा काल रात्री तयार झाला. काकूंनी फोटोचं पान जोडून पाठवलं होतं, ते मी काढलं, आणि फोटो तिच्याच फोनमध्ये ठेवायला सांगितलाय. कुणाला आणि कधी पाठवायचा, ते ती ठरवेल.