जुनी हिमालयन ४११ की जुनी एक्सपल्स २००: किनाऱ्यावर राहून रोज चालवणाऱ्यासाठी

आठवडाभर कामावर नेता येईल, सुट्टीच्या दिवशी सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, गाडीवाटांनी हिंडता येईल आणि जुन्या बाजारात परवडेल अशी एकच मोटारसायकल ज्यांना हवी आहे, त्यांच्यापुढे आज मुख्यतः दोन नावे उरतात: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आणि हीरोची एक्सपल्स २००. हीरोचीच २०११ मध्ये आलेली इम्पल्स अजून कुठेकुठे विकायला निघते, पण तिचे सुटे भाग शोधण्यात जाणारा वेळ पाहता रोजच्या वापरासाठी तिची शिफारस करायला मन धजत नाही. केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर ही महामार्गावर मोठा पल्ला गाठणाऱ्याची गाडी आहे. किंमत आणि देखभाल या दोन्ही बाबतींत ती वेगळ्या पंक्तीत बसते. म्हणून हा आढावा पहिल्या दोन गाड्यांपुरताच ठेवतो.

दोन्हींच्या कोणत्या सालच्या गाड्या पाहाव्यात, हे आधी ठरवून घेतलेले बरे. हिमालयन २०१६ मध्ये इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरसह आली, पुढच्या वर्षी तिला नव्या पद्धतीचे फ्युएल इंजेक्शन मिळाले, आणि २०२० च्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत मागच्या चाकाचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंद करण्याची सोय आली. २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन ४५० आली आणि ४११ चे पर्व संपले. एक्सपल्स २०१९ मध्ये कार्बोरेटर आणि इंजेक्शन अशा दोन्ही रूपांत निघाली, २०२० मध्ये तिला ऑइल कूलर मिळाला आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चार व्हॉल्व्हचे इंजिन. माझ्या मते हिमालयन घ्यायची तर २०२० नंतरची आणि एक्सपल्स घ्यायची तर चार व्हॉल्व्हची पाहावी. त्याआधीच्या गाड्या वाईट आहेत असे नव्हे, परंतु खाऱ्या हवेत त्यांनी काढलेली वर्षे जास्त असतात, आणि आपल्याकडे गाडीचे वय किलोमीटरपेक्षा पावसाळ्यांवर मोजलेले अधिक योग्य.

माझे राहणे कोकणात, पावस गावाच्या बाजूला, आणि नोकरी रत्नागिरीत. गोळपच्या सड्यावरून भाट्याच्या पुलाकडे उतरणारा हा रस्ता रोजचाच. माझा मेहुणा कामानिमित्त बाहेरगावी असल्याने त्याची बीएस-६ हिमालयन एका पावसाळ्यात माझ्याकडे होती आणि ती मी मनापासून वापरली. त्यानंतर स्वतःसाठी गाडी शोधताना दोन्हींच्या बऱ्याच जुन्या गाड्या पाहिल्या आणि अखेर चार व्हॉल्व्हची एक्सपल्स घेतली. पुढचे सारे या अनुभवावर आधारलेले आहे. माझ्याकडे मोजमापाची साधने नाहीत, आणि दुसऱ्या कुणाचा अनुभव यापेक्षा वेगळा असू शकतो हे मला मान्य आहे.

हिमालयनचे गुण आधी सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. तिचे इंजिन खालच्या आरपीएमवरच, म्हणजे कमी फेऱ्यांवरच, ओढ देते, त्यामुळे मागे माणूस बसलेला असताना आंबा घाट चढताना गिअर फारसे बदलावे लागत नाहीत, आणि महामार्गावर नव्वदच्या आसपास ती निवांत चालत राहते. याच वेगाला एक्सपल्स चालते खरी, पण तिचे इंजिन आपण मेहनत करत असल्याचे कळवत राहते, आणि लांजा-राजापूरच्या पुढे सलग जायचे असेल तेव्हा हा फरक अंगाला जाणवतो. मागे बसणाऱ्यालाही हिमालयनच अधिक आवडते. आमच्या घरातले मत तरी या बाबतीत स्पष्ट आहे. मेहुण्याच्या गाडीला डबल स्टँड होता. पावसाळ्यात लाल चिखलाने भरलेली चेन वरचेवर धुऊन तिला तेल द्यावे लागते, अशा ठिकाणी या स्टँडचे मोल किती आहे हे तो नसलेली गाडी घेतल्यावर जास्त कळते. शिवाय हिमालयनच्या पुढच्या चाकाला वरच्या चोचीसारख्या मडगार्डखेरीज चाकालगतचे मडगार्डही आहे, त्यामुळे कामावर जाताना पायांवर चिखल कमी उडतो. एक्सपल्सचे मडगार्ड उंचावर असल्याने तो जास्त उडतो आणि खाली रबरी पट्टी लावून घ्यावी लागते. मात्र रविवारी हेच गणित उलटते. पहिल्या सरींनंतरची चिकट लाल माती चाकालगतच्या मडगार्डमध्ये भरत जाते आणि मग काटकीने ती उकरून काढत बसावे लागते.

एवढे सगळे हिमालयनच्या बाजूने असताना मी एक्सपल्स का घेतली, याचे कारण एकच आहे आणि ते गाडी बंद असतानाचे आहे.

आमचे घर, किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या घरांप्रमाणे, रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे. रस्त्यावरून चिऱ्यांची उतरती वाट बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत येते आणि अंगणात संपते. अंगणाच्या एका बाजूला पडवी, दुसऱ्या बाजूला आगराचा गडगा आणि मधोमध तुळशीवृंदावन. संध्याकाळी गाडी सरळ उतरवून आणायची आणि सकाळी तिचे तोंड फिरवून वर न्यायची, हा क्रम चुकत नाही. तोंड फिरवायला जागा अशी आहे की गाडी तीन-चार वेळा पुढे-मागे केल्याशिवाय ती वळत नाही, आणि अंगणाचा उतार विहिरीच्या दिशेने असल्यामुळे त्यातली प्रत्येक ‘मागे’ ही चढणीवर असते. उन्हाळ्यात याचे काही वाटत नाही. श्रावणात चिऱ्यांवर हिरवे शेवाळ धरते. झावळ्या अंथरल्या तरी त्याही दोन दिवसांत बुळबुळीत होतात. तेव्हा हँडल पूर्ण वळवून, कंबर सीटला टेकवून, दोन बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवून हिमालयन मागे रेटायची म्हणजे बुटाच्या टाचेखालून दगड सरकल्याचा भास होई, आणि गाडी आपल्या अंगावर कलली तर तिला थोपवता येईल की नाही याची खात्री वाटत नसे. अंगावर रेनकोट, पाठीवर डबा, आणि कामाला उशीर होत असलेला.

कागदावर बीएस-६ हिमालयनचे वजन १९९ किलो आणि चार व्हॉल्व्हच्या एक्सपल्सचे १६० किलोच्या किंचित आत आहे. चाळीस किलोंचा हा फरक गाडी चालू असताना फारसा कळत नाही. उलट हिमालयनचे वजन खाली आणि व्यवस्थित वाटलेले असल्याने रस्त्यावर ती स्थिर वाटते. परंतु किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला गाडी बंद करून हाताने हलवण्याचे प्रसंग इतरांपेक्षा खूप जास्त येतात, हे जुनी गाडी पाहायला जाताना कुणी लक्षात घेत नाही. जयगड ते तवसाळ फेरीबोटीत चारचाकींच्या मधल्या फटीत गाडी लावायची असते आणि धक्क्याचा उतार भरतीच्या पाण्याने ओला असतो. गावातल्या पाखाडीच्या अरुंद वाटेवर समोरून टेम्पो आला की मागे सरकावे लागते. देवळाजवळ, बाजारात, मच्छीच्या जेट्टीवर, सगळीकडे हेच. एक्सपल्सची सीट सुमारे २५ मिलिमीटरने उंच आहे, त्यामुळे साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचे पाय तीवर बसल्यावर जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, आणि हा तिचा तोटा मी झाकून ठेवणार नाही. तरीही उतरून, बाजूला उभे राहून ती ढकलताना माझी तक्रार राहिली नाही. हिमालयनवर बसून पाय टेकतात हे खरे, पण शेवाळावर टेकलेल्या पायाचा आधार किती धरायचा, हा प्रश्न राहतोच.

म्हणून माझी विनंती अशी की चाचणी म्हणून गाडी चालवून पाहाल तेव्हा शेवटी इंजिन बंद करा आणि ती थोड्या चढावर मागे ढकलून पाहा. विकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण नंतरची पाच-सात वर्षे हे काम तुम्हालाच करायचे आहे.

सड्यावरही हाच फरक पुढे येतो. जांभ्याचा कातळ कोरडा असताना टायरला घट्ट धरतो. पावसात त्यावर बुरशीसारखा काळसर थर येतो आणि मग चालणाऱ्याचाही पाय टिकत नाही. अशा ठिकाणी गाडी हळूच आडवी होते, त्यात कुणाला लागत नाही, पण ती उचलावी लागते. दोघे-तिघे बरोबर असतील तर हिमालयन उचलणे अवघड नाही. एकट्याने हिंडणाऱ्याला मात्र एक्सपल्सच देईन. तिचे इंजिन खालच्या आरपीएमवर हिमालयनइतके ओढत नाही, दगडांच्या चढणीवर क्लचवर थोडे खेळावे लागते, आणि ही सवय व्हायला काही दिवस जातात. तिच्या पुढच्याच चाकाला एबीएस असल्यामुळे उतारावर मागचे चाक हवे तेव्हा अडवता येते, त्यासाठी कुठलेही बटण दाबावे लागत नाही.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. कशेळी, देवीहसोळ, बारसू, उक्षी या गावांच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातल्या अशा स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यातली अनेक शिल्पे गवतात आणि मातीच्या थराखाली असतात, दुरून दिसत नाहीत. गाडी कितीही हलकी असली तरी रुळलेली गाडीवाट सोडून मोकळ्या कातळावर ती घालू नये. पुळणीवरही नेऊ नये. वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि खारे पाणी व वाळू चेन-स्प्रॉकेटचे जे करतात ते कुठल्याही धुण्याने पुरते भरून निघत नाही.

यावरूनच जुनी गाडी तपासण्याचा मुद्दा येतो, आणि इथे दोन्ही गाड्या सारख्याच आहेत. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवून पाहा. मिठाने पडलेले बारीक खड्डे नखाला अडकतात, आणि ते असतील तर ऑइल सील कितीही वेळा बदलले तरी तेल गळतच राहते. दोन्हींची चाके स्पोकची आहेत, तेव्हा प्रत्येक स्पोक पान्याने हलकेच वाजवून पाहावा. ज्याचा आवाज भद्द येतो तो सैल आहे, आणि त्याच्या निपलला गंज धरलेला असेल तर तो आवळायला गेल्यावर तुटतो. सीट काढून वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का ते पाहा. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्येच खाच लागल्यासारखे वाटले, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) बदलायला आला आहे. इंजिनाखालची पट्टी ठेचलेली असणे हा दोष मानू नये, ती त्यासाठीच असते. चिपळूण भागातली २०२१ पूर्वीची गाडी असेल तर त्या वर्षीच्या जुलैमधल्या पुरात ती पाण्याखाली होती का, हे सरळ विचारावे आणि हेडलाइटच्या आत गाळाची रेघ आहे का ते स्वतः पाहावे.

मला विचाराल तर गाडी घाटावरची शोधा. कोल्हापूर-साताऱ्याकडे चाललेल्या गाडीचे किलोमीटर जास्त असले तरी तिच्या नटबोल्टांचे डोके शाबूत असते. माझी एक्सपल्स तशीच आणलेली आहे. त्याआधी इथल्याच एका गावात पाहिलेली गाडी निम्मीही चाललेली नव्हती, पण समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत उभी राहून तिचे सायलेन्सर आणि स्पोक दोन्ही गेलेले होते.

खर्चाबद्दल थोडक्यात. माझ्या हातात हिमालयन लिटरला तिशीच्या आसपास आणि एक्सपल्स चाळिशीच्या आसपास चालली. हीरोच्या गाडीचे केबल, ब्रेक पॅड, फिल्टर असे नेहमीचे भाग मला तालुक्याच्या गावात मिळतात. हिमालयनसाठी बहुतेक वेळा रत्नागिरी गाठावी लागली, अर्थात तिथेच कामाला जाणाऱ्याला याचे विशेष काही वाटू नये.

ज्यांचे घर रस्त्याला लागून आहे, अंगण सपाट आहे, जे वरचेवर कोल्हापूर किंवा पणजीपर्यंत जोडीने जातात आणि ज्यांची उंची बेताची आहे, त्यांनी हिमालयनच घ्यावी असे मी म्हणेन. चांगली सांभाळलेली बीएस-६ गाडी मिळाली तर ती मन लावून सोबत करते. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांना रोज सकाळी उतारावरून गाडी वर काढायची आहे, त्यांनी आधी एक्सपल्स पाहावी.

दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी पैसे देण्याआधी आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्राबरोबर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ बँकेच्या आणि विकणाऱ्याच्या सहीसह घ्या, आणि मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३० त्याच बैठकीत भरून घ्या. नंतर सही आणायला पुन्हा घाट चढावा लागतो.