ब्रेक लाईटच्या नावाखाली ११,७४० रुपयांना गंडवलं, घोडबंदर रोडने जाणाऱ्यांनी वाचाच

आठवडा झाला तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितोय. गाडी माझी २००९ची होंडा सिटी, पंधरा वर्षं झाली तेव्हा रीपासिंग करून घेतलंय, सगळं वेळच्या वेळी करतो. जुनी गाडी आहे म्हणजे मालकाला काही कळत नाही असं नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवून ठाण्यात नौपाड्यातून परत येत होतो, धो धो पाऊस, कापूरबावडीपासून गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. मानपाड्याच्या पुढे एक बाईकवाला बाजूला आला, काचेवर टकटक करून म्हणाला "काका, ब्रेक लाईट बंद आहेत तुमचे, मागचा ठोकेल ना". ही टोळी कशी चालते तुम्हाला माहितीच आहे, एक जण रस्त्यात घाबरवतो आणि दुसरा पुढे पाना घेऊन तयार असतो. मलाही माहिती होतं हो! पण तो स्वच्छ मराठीत बोलत होता, पैसे मागत नव्हता, आणि मागच्या सीटवर आई, पावसात कोणी मागून ठोकलं असतं तर? तो म्हणाला पुढे सर्व्हिस रोडला ओळखीचं गॅरेज आहे, दाखवून घ्या. घेतली गाडी आत.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते ऐका. मेकॅनिकने मला ड्रायव्हर सीटवरच बसवलं, "ब्रेक दाबा", आणि स्वतः मागे उभा राहून ओरडला "नाही लागत, दोन्ही डेड". गाडीच्या मागे दुकानाचं अर्धं ओढलेलं पत्र्याचं शटर होतं. आईच्या डोळ्यात ड्रॉप टाकलेले, तिला धड काही दिसत नव्हतं, तरी ती मागे वळून म्हणाली, "अरे, शटरवर लाल उजेड पडतोय की". आणि मी तिला म्हणालो, "आई, तू बस गं, ते बघतायत ना".

लाल उजेड पडत होता म्हणजे लाईट लागत होता! पेडलपाशी एकच स्विच असतो, त्याच्यावरच डावा, उजवा आणि मागच्या काचेतला वरचा, तिन्ही लाईट चालतात. स्विच किंवा फ्यूज गेला तर तिन्ही बंद पडतात, आणि एकच बंद असेल तर बल्ब, होल्डर नाहीतर अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर), एवढं साधं आहे. हे मला येतं. उतरून मागे जाऊन बघायला दहा सेकंद लागली असती, पण छत्री डिकीत होती आणि आईला घरी पोचवायची घाई होती.

दीड तासाने कागदावर पेनाने लिहून दिलं: ब्रेक स्विच १,८५०, मागचं वायरिंग ४,६००, दोन होल्डर २,१५०, दोन बल्ब ६४०, लेबर २,५००. एकूण ११,७४०. मी म्हटलं जरा जास्त होतंय, तर म्हणे वायरिंग जळालं होतं, गाडीने पेट घेतला असता. जीपे केलं, दुकानाच्या नावावर नाही, कोणाच्या तरी पर्सनल नंबरवर. जुने पार्ट मागितले तर "कचऱ्यात गेले काका". जुना पार्ट हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आठ दिवसांनी सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, डावा ब्रेक लाईट लागत नाहीये. वागळे इस्टेटला माझ्या नेहमीच्या माणसाकडे नेली. त्याने डिकीतलं साईडचं कव्हर काढून होल्डर बाहेर ओढला, आतल्या पितळी पट्टीवर हिरवा थर चढलेला, पावसाचं पाणी झिरपत होतं. पॉलिश पेपरने घासलं, डबल फिलामेंटचा नवा बल्ब टाकला, लागला. १५० रुपये. मग पेडलखाली टॉर्च मारून मला वाकून बघायला लावलं, स्विचवर एवढ्या वर्षांची धूळ जशीच्या तशी, हातसुद्धा लावलेला नाही. नवीन वायरिंग म्हणजे जुन्याच वायरींवर गुंडाळलेली नवी काळी टेप. उजवा लाईट तर कधी बंदच नव्हता. बाईकवाल्याने रस्त्यात डावा बंद बघितला आणि गिऱ्हाईक धरलं.

पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, पक्कं बिल आहे का? नाही. मग हा सिव्हिल मॅटर आहे. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा सांगितलं ती हद्द आमची नाही, आणि त्या हद्दीत गेलो तर ते म्हणाले पहिल्यांदा जिथे गेलात तिथेच द्या. चार चकरा, दोन हाफ डे, आणि एक हवालदार मला वर ऐकवतो की ब्रेक लाईट बंद ठेवून गाडी चालवलीत तर चलान तुम्हालाच लागेल! हेल्पलाईनवर तक्रार टाकली तर दुकानाचं रजिस्टर नाव द्या म्हणतात. बोर्डच नाही त्या दुकानाला, नाव कुठून आणू? फसवणाऱ्याने बोर्ड लावला नाही ही माझी चूक का? पैसे कुठल्या नंबरला गेले ते माझ्या मोबाईलमध्ये आहे, त्यावरून माणूस सापडत नाही हे मला कोणी पटवून दाखवावं.

रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा, तीन लाल दिसले पाहिजेत. टेल लाईट चालू असताना ब्रेक दाबल्यावर एखादा लाईट उलटा मंद झाला किंवा इंडिकेटर मिणमिणायला लागला तर आधी अर्थिंग बघायला सांगा, नवीन वायरिंगचं नाव काढू देऊ नका. आणि रस्त्यात कोणी काही दाखवलं तर थँक्यू म्हणा, पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा, स्वतः उतरून बघा, तो सांगेल त्या गॅरेजला अजिबात जाऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, मी अर्ज तयार करतोय. तो कागद, जीपेचा स्क्रीनशॉट आणि धूळ बसलेल्या स्विचचा फोटो जोडलाय. मानपाडा ते कासारवडवली पट्ट्यात अजून कोणाला असाच बाईकवाला भेटला असेल तर तारीख आणि गेलेली रक्कम मला कळवा, तेही सोबत जोडतो.